पाहुणे मागच्या दाराने

गुरुवार, दिनांक २९ ऑगस्ट २०२४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पहिला पुष्पगुच्छ दिला गेला. दिवस त्याच क्षणी हाताबाहेर गेला होता. मला ते कळायला आणखी चार पुष्पगुच्छ जावे लागले.

प्रथम कामाविषयी. मी भोपाळातील एका विद्यापीठातून उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले. टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो आणि नोकरीही याच शहरात झाली. याहून अधिक चरित्र सांगण्यासारखे नाही. निवृत्तीनंतर विद्यापीठाने मला कराराने पुन्हा बोलावले आणि 'विदेश कक्षा'त बसवले. विदेश कक्ष जिन्याखाली होता. त्यात एक टेबल, एक संगणक आणि जगाचा एक नकाशा होता. नकाशावर दमट हवेचे डाग पडल्यामुळे दोन देश ओळखू येत नसत. तिकडे कोणी जाणार नव्हते, म्हणून चालून गेले.

कक्षाचे काम सांगायला सोपे आहे. ज्यांना पीएच.डी. होऊन फार वर्षे झालेली नाहीत अशा तरुण प्राध्यापकांना काही महिने परदेशी प्रयोगशाळेत जाऊन काम करण्याची संधी मिळते. खर्च बहुधा तिकडचे विद्यापीठ उचलते, रजा इकडचे देते आणि दोघांमध्ये करार असतो. तिकडचा एखादा इकडे येतो, म्हणून त्याला आदानप्रदान म्हणायचे. अट एकच, पण ती कठोर असते. पीएच.डी.नंतर ठरावीक वर्षांच्या आत जावे लागते. ही मुदत दुधासारखी आहे. तापवून ठेवता येते, साठवून ठेवता येत नाही.

लोकांना हे काम फार विद्वत्तेचे वाटते. बैतूलहून एका उमेदवाराचे वडील मला भेटायला आले होते. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी विचारले, "साहब, अदला-बदली है तो बदले में जो गोरा आएगा, वो रहेगा कहाँ? हमारे यहाँ तो एक ही कमरा है।" त्यांच्या मुलाच्या बदल्यात येणाऱ्याची व्यवस्था विद्यापीठ करील असे सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. उठताना पुन्हा थांबून म्हणाले, "खाना तो हम भिजवा देंगे।" दुसरा एक वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक तिकडे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात फोनवर रडकुंडीला आला. "सर, हे लोक संध्याकाळी पाच वाजता मला प्रयोगशाळेतून बाहेर काढून कुलूप लावतात. तक्रार कुठे करू?" मी त्याला शहर पाहायला सांगितले. त्याने पाहिले. परत आला तेव्हा त्याला सायकल दुरुस्त करता येत होती आणि तो कोणावर ओरडत नव्हता. या दोन्ही गोष्टी त्याच्या विभागाला नवीन होत्या.

जे गेले ते आठवतात, तसे न गेलेलेही आठवतात. पदार्थविज्ञानाच्या एका मुलाची निवड झाली होती, तिकडची खोली ठरली होती, पण त्याची रजा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाता जाता तिकडचे सत्रच संपले. तो अजून भोपाळातच आहे. समोर आला की नमस्कार करतो. मीही करतो.

आता त्या गुरुवारी काय झाले ते सांगतो.

उत्तर युरोपातील एका विद्यापीठाचे एक प्राध्यापक त्या दिवशी आमच्याकडे येणार होते. त्यांचे आडनाव आमच्या कुलगुरूंनी एकाच भाषणात पाच प्रकारांनी उच्चारले, म्हणून मी येथे त्यांना पाहुणे एवढेच म्हणतो. पानांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांवर त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांची एक जागा होती आणि तिच्यासाठी भारतातल्या तीन विद्यापीठांतून एकेक उमेदवार निवडला होता. दोघांना ते भेटून आले होते, तिसरी आमची. पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिले होते: 'मी व्याख्यानावरून निवड करीत नाही. माणूस त्याच्या कामात असताना पाहतो.' सकाळच्या विमानाने यायचे आणि सायंकाळच्या विमानाने जायचे, असा त्यांचा बेत होता.

आमची उमेदवार डॉ. रेणुका देशकर. प्राणिशास्त्र विभागातील सर्वांत कनिष्ठ प्राध्यापिका. वडील बरखेड्याच्या कारखान्यात तंत्रज्ञ होते, घर तिथल्याच वसाहतीत. शिंगाड्याच्या वेलीवर पडणाऱ्या भुंगेऱ्यावर ती काम करते. घरून आमचा थोडा परिचय असल्याने ती मला काका म्हणत असे. कार्यालयात सर म्हणायचे, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मुदतीचे हे तिचे शेवटचे वर्ष होते. ही जागा गेली तर दुसरीसाठी ती पात्र राहणार नव्हती. हे तिला ठाऊक होते, मला ठाऊक होते आणि तिचे विभागप्रमुख दुबेजी यांनाही ठाऊक होते.

दुबेजी वाईट गृहस्थ नव्हेत. त्यांच्या दारातून कोणी उपाशी गेल्याचे ऐकिवात नाही. पण आमच्या विद्यापीठात एक पद्धत आहे. पाहुणा आला की प्रत्येक विभागाने त्याचे स्वागत करायचे. गुच्छ विभागप्रमुखाने ज्येष्ठतेच्या क्रमाने द्यायचा आणि गुच्छांचे ताट घेऊन उभे राहायचे ते यजमान विभागाच्या सर्वांत कनिष्ठ प्राध्यापकाने. यजमान विभाग प्राणिशास्त्राचा होता. त्यामुळे ज्या व्यक्तीला भेटण्यासाठी पाहुणे अर्धी पृथ्वी ओलांडून आले होते, ती जांभळ्या रेशमी साडीत, हातात ताट घेऊन त्यांच्या उजव्या हाताला उभी होती आणि तिला बोलण्याची परवानगी नव्हती.

पाचव्या गुच्छानंतर मी दुबेजींच्या कानाशी लागलो.

"दुबेजी, डॉ. देशकर को मुक्त कीजिए। अतिथि उन्हीं से मिलने आए हैं।"

"मिल तो रहे हैं, साहब," दुबेजी शांतपणे म्हणाले. "हर गुलदस्ता वही तो पकड़ा रही है।"

त्यानंतर दीपप्रज्वलन झाले. वाऱ्याने दोन वेळा दिवा विझला, म्हणून ते तीन वेळा झाले. परिचय झाला. परिचयाचा परिचय झाला. मग कुलगुरू बोलायला उठले. आमच्या राज्यात पूर्वी त्यांना कुलपति म्हणत, आता कुलगुरु म्हणतात. आमच्या घरी आधीपासूनच कुलगुरू म्हणत असल्याने मला सवय करावी लागली नाही. त्यांनी विषय घेतला 'भारत आणि कीटक: प्राचीन दृष्टी' आणि चष्मा काढून ठेवला. ते चष्मा काढून, डोळे मिटून बोलू लागले म्हणजे काय होते, हे सभागृहातील सर्वांना माहीत होते. लोक खुर्चीत खाली सरकले.

पाहुणे माझ्याकडे झुकले. मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो होतो.

"ताट घेतलेल्या त्या बाई," ते इंग्रजीत कुजबुजले, "प्रत्येक गुच्छाच्या वेळी मला काहीतरी सांगू पाहतात. मघाशी मला 'लार्वा' असा शब्द ऐकू आला. कोण आहेत त्या?"

"आपल्या उमेदवार," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून रेणुकाकडे पाहिले. रेणुकाने ताट हातात असतानाच नमस्कार करण्याचा प्रयत्न केला आणि वाणिज्य विभागाचा गुच्छ कुलगुरूंच्या पायाशी घरंगळला. कुलगुरूंचे डोळे मिटलेलेच होते. ते अथर्ववेदापर्यंत आले होते.

पाहुणे उठले आणि त्यांनी हाताने मला विचारले की हात धुण्याची जागा कोठे आहे. स्वागत समितीचा एक सदस्य बरोबर निघाला. मी त्याला पाहुण्यांसाठी स्वच्छ टॉवेल आणायला पाठवले. आमच्या विद्यापीठात स्वच्छ टॉवेल शोधायला जाणारा मनुष्य लवकर परत येत नाही.

प्रसाधनगृहात पाहुण्यांनी हात धुतले, ते कोटाला पुसले आणि भिंतीकडे पाहिले.

"हे दुसरे दार कसले?"

"सफाई कामगारांचे."

"कोठे उघडते?"

"वाहने उभी करतात तिकडे."

"मग आपण दोघे इथे कशासाठी उभे आहोत?"

मी सभागृहाच्या कडेच्या दाराने आत डोकावलो आणि रेणुकाला बोट दाखवून बोलावले. ती ताटासकट आली.

"काम कुठे आहे तुझे?"

"तळ्यावर, सर. पण स्लाइड्स विभागात आहेत, लॅपटॉप—"

"तळे किती लांब आहे?"

"अर्धा तास. सर, मी कशी येऊ? हे ताट कुणाकडे देऊ?"

"जमिनीला दे."

तिने ते दिले नाही. घाबरलेला मनुष्य हातातली वस्तू सोडत नाही. पुढचा अर्धा तास ते पितळी ताट आणि त्यातले चार गुच्छ विद्यापीठाच्या गाडीत तिच्या मांडीवर होते.

गाडीचे चालक अफजलभाई. जुन्या भोपाळचे, तिथे 'को खां' म्हणजे आपले 'काय हो'. पाहुण्यांना कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत येताना पाहून त्यांनी तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवले.

"को खां, साहब, फंक्शन निबट गया?"

"चल रहा है।"

"मगर मेहमान तो ये रहे!"

"गाड़ी निकालिए।"

"वहाँ फिर किसका स्वागत हो रिया है?" अफजलभाईंनी चावी फिरवली. "वल्ला, साहब, चालीस साल में आपने पहली बार मज़े का काम बताया।"

फाटकातून बाहेर पडल्यावर पाहुण्यांना हसू फुटले. ते उंच गृहस्थ होते, हसू लागले की गुडघे समोरच्या सीटवर आपटत. रेणुकाने स्लाइड्स नसताना स्लाइड्स सांगायला सुरुवात केली. "पहिल्या स्लाइडवर, सर, शीर्षक आहे." पाहुणे म्हणाले, "ती मी पाहिली असे समजा." तिने दुसरी सांगितली. त्यांनी तीही पाहिली असे समजायला सांगितले. नवव्या स्लाइडला तिचा आवाज स्थिरावला.

तिचे म्हणणे थोडक्यात असे. शिंगाड्याची वेल पाण्यावर पसरते आणि पानांचा गालिचा होतो. भुंगेरा ती पाने खरवडून खातो. तळेच्या तळे तपकिरी होते आणि शिंगाडे लावणाऱ्यांचे वर्ष जाते. तिने वर्षभर पाहिले की या भुंगेऱ्याला पंख असले तरी तो उडण्याचा कंटाळा करतो. एका पानावरून दुसऱ्या पानावर चालत जाणे त्याला पसंत आहे. तेव्हा वेलींच्या मधून मोकळ्या पाण्याचा एक पट्टा राखला, तर पलीकडचा भाग औषध न मारता वाचावा. तळ्यात तिने असा पट्टा राखला होता. अलीकडे तपकिरी, पलीकडे हिरवे, असे दिसायला हवे होते.

तळे कस्तुरीबाईंचे होते, म्हणजे ठेक्याने घेतलेले. कस्तुरीबाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. रेणुकाला पाहताच त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"ए बिटिया, ये क्या पहन के आई है? तेरी सगाई है क्या?"

"मौसी, विदेश से साहब आए हैं। तुम्हारा तालाब देखने।"

कस्तुरीबाईंनी पाहुण्यांना खालून वर पाहिले. याला वेळ लागला. "इत्ता लंबा आदमी! इसको ट्यूब पे बिठाऊँगी तो पैर नीचे ज़मीन पे लगेंगे।"

शिंगाडे काढायला हे लोक ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी बांधून बसतात आणि हाताने पाणी मारत पुढे जातात. पाहुण्यांनी बूट काढले, कोट काढून माझ्या हातात दिला आणि ट्यूबवर बसले. ट्यूब उलटली. पाणी कमरेइतकेच होते, त्यामुळे ते बुडाले नाहीत, पण त्यांनी बुडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. वर आले तेव्हा डोक्यावर शिंगाड्याच्या पानांचे एक संपूर्ण वर्तुळ होते. त्यांनी ते काढून आधी खालून न्याहाळले, भुंगेऱ्याची पिवळी अंडी दिसल्यावर आनंदाने आरोळी ठोकली आणि मग नाकातले पाणी काढले. किनाऱ्यावर अफजलभाई जमिनीवर बसून हसत होते.

कस्तुरीबाई पाहुण्यांना हिंदीत काही विचारीत होत्या, पाहुणे त्यांना इंग्रजीत उत्तर देत होते, आणि दोघेही एकमेकांशी पूर्ण सहमत होते. शेवटी पाहुण्यांनी मला हाक मारली. दुभाषा हवा होता. मी कोट अफजलभाईंकडे दिला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. ही माहिती प्रथमच जाहीर होत आहे.

आम्ही तिघे तीन ट्यूबांवर मोकळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचलो. रेणुका साडीमुळे किनाऱ्यावरून चालत येत होती. अलीकडची पाने तपकिरी, जाळीदार झाली होती, ती बोलली होती तशीच. मग पाहुण्यांनी पलीकडे बोट दाखवले.

पलीकडेही तपकिरी डाग होता.

मोठा नव्हता. सतरंजीएवढा असेल. पण हिरव्यात तो लपण्यासारखा नव्हता. मी किनाऱ्याकडे पाहिले. रेणुकाने तो डाग पाहिला होता आणि तिचा चेहरा उतरला होता. वर्षभराचे म्हणणे त्या डागापाशी संपत होते आणि त्याबरोबर जागाही. मी ट्यूबची फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

पुढे जे झाले ते सांगतो तसेच झाले. तिने डोळे बारीक केले, पट्ट्याच्या टोकाकडे पाहिले, ताट गवतात ठेवले आणि रेशमी साडीसकट पाण्यात शिरली. आम्हा कोणाकडे तिचे लक्ष नव्हते.

"मौसी! ये बेल किसने छोड़ी यहाँ?"

"कौन सी बेल?"

"ये आड़ी पड़ी है पूरी! पट्टी में पुल बना दिया! मैंने क्या बोला था? रोज़ सवेरे साफ़ करना!"

"रात को हवा चली," कस्तुरीबाई ओरडल्या. "मैं क्या रात भर तालाब का पल्लू पकड़ के बैठूँ?"

"तो मुझे फ़ोन करतीं!"

"किया था! तूने उठाया? तू तो आज गुलदस्ते उठा रही थी!"

"तुम्हें किसने बताया?"

"तेरी अम्मा ने!"

वाऱ्याने एक वेल तुटून पट्ट्यात आडवी आली होती आणि तिच्या पानांवरून भुंगेरे चालले होते. एकामागे एक, रांगेने, लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखे. बाजूचे पाणी मोकळे होते आणि तिथून एकही उडत नव्हता. तपकिरी डाग नेमका त्या वेलीच्या पलीकडच्या टोकाशी सुरू होत होता. रेणुकाने खाली वाकून ते पाहिले आणि एकाएकी भांडण थांबले.

"ओ माँ," ती स्वतःशीच म्हणाली. मग मराठीत, मोठ्याने, "काका, बघा ना! चालत चाललेत! सगळे चालत चाललेत!"

मी तिला सर म्हणण्याची आठवण करून दिली नाही.

पाहुणे ट्यूबवरून उतरून छातीपर्यंत वाकले होते. त्यांचे नाक वेलीपासून चार बोटे असेल. मग त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. "उपाशी राहिले तरी उडणार नाहीत का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "इथे मला त्यांना मोजून उपाशी ठेवता येत नाही. तुमच्याकडे तशा टाक्या आहेत. म्हणून तर मला यायचे आहे."

पाहुण्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची ते कळले नाही. त्यांच्या देशात मान आमच्याप्रमाणे हलत नाही.

तेवढ्यात बांधावर हॉर्न वाजले. दोन गाड्या होत्या; रेणुकाचे तळे तिच्या विभागाला ठाऊक होतेच. पहिलीतून दुबेजी उतरले, मागोमाग दोन प्राध्यापक, छायाचित्रकार आणि टॉवेल घेतलेला समितीचा तो सदस्य. त्याला टॉवेल सापडला होता.

"ये किसकी बारात आ गई?" कस्तुरीबाईंनी विचारले.

मी ट्यूबवरून उतरून बांधाजवळच्या उथळ पाण्यात उभा राहिलो. निलंबनाचे वय निघून गेले होते, तरी पाठ आपोआप ताठ झाली. दुबेजी बांधाच्या कडेला आले आणि त्यांनी माझ्या दुमडलेल्या पँटकडे पाहिले.

"साहब," ते म्हणाले, "आपने बताया होता तो हम माइक यहीं लगवा लेते।"

"कुलगुरुजी?"

"बोल रहे हैं। आँखें बंद हैं। शॉल हमने कुर्सी पर ओढ़ा दी थी, दूर से अतिथि ही लगते थे। फिर सोचा, असली को भूखा कैसे जाने दें।"

दुसऱ्या गाडीतून जेवणाचे डबे उतरले. पुरी, भाजी, कढी, जिलबी, सगळ्यांना पुरून उरेल इतके. दुबेजींनी शालही आणली होती. खुर्चीवरून काढून आणली, आता तिथे फक्त खुर्ची होती. स्वागत अपुरे राहिले होते, ते पूर्ण केल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हते. त्यांनी चिखलात उतरून, आता कडेला येऊन गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि दोन वाक्यांचे भाषण केले. त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत लहान भाषण असावे, कारण बूट रुतत होते. पाहुणे थंडीने कुडकुडत होते, त्यांनी शाल घट्ट गुंडाळून घेतली. माझ्या सेवाकाळात दिलेल्या असंख्य शालींपैकी एखादी प्रत्यक्ष अंगाला उपयोगी पडताना मी प्रथमच पाहिली.

बांधावर जेवण झाले. गुच्छ काढून पितळी ताटात जिलबी घेतली. कस्तुरीबाईंनी कोवळे शिंगाडे सोलून दिले. दुबेजींनी पाहुण्यांना तिसऱ्यांदा पुरी वाढली आणि रेणुकाकडे बोट दाखवून तुटक इंग्रजीत म्हणाले, "चांगली मुलगी. फक्त ताट नीट धरत नाही."

पाहुण्यांना बदलायला कपडे नव्हते. दुबेजींच्या गाडीत धोब्याकडून आणलेला कुर्ता-पायजमा होता. पायजमा पोटरीशी संपत होता. त्या वेषात, शाल पांघरून, ते विमानतळावर उतरले. दारातल्या जवानाने पारपत्र पाहिले, पायजमा पाहिला आणि त्यांना सॅल्यूट केला. तो त्यांना कोण समजला, देव जाणे.

आत जाण्यापूर्वी ते रेणुकाकडे वळले.

"जानेवारी," ते म्हणाले. "आमच्याकडे तेव्हा फार थंडी असते. भुंगेरे मी गरम ठेवीन, तुमची व्यवस्था तुम्ही करा."

मग त्यांनी मला सांगितले की त्यांच्या कार्यालयाची यादी आजच बंद होते, अर्ज आज गेला पाहिजे, फोटोसकट. हात हलवून ते निघून गेले. पायजम्याखालच्या त्यांच्या पांढऱ्या पोटऱ्या सरकत्या जिन्यावर बराच वेळ दिसत होत्या.

अर्ज तयार होता. फोटो नव्हता. जो होता तो पदवीदानाचा, टोपी घातलेला, आणि तो नियमात बसत नव्हता. अफजलभाईंनी गाडी थेट महाराणा प्रताप नगरात आणली आणि एका फोटोच्या दुकानासमोर उभी केली. कोचिंग क्लासची मुले बाहेर उभी होती. चिखलाने कडक झालेल्या जांभळ्या साडीतल्या बाईंना आणि मागून अनवाणी येणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी वाट करून दिली. माझे बूट तळ्यावर राहिले होते.

अशा अर्जाला व्हिसाचाच फोटो लागतो आणि त्याचा नियम मला पाठ आहे. मागे पांढरे, दोन्ही कान मोकळे, ओठ मिटलेले, चेहऱ्यावर कोणताही भाव नसावा. छायाचित्रकाराने तिला स्टुलावर बसवले.

"मैडम, दाँत नहीं।"

तिने ओठ मिटले. गाल फुगले. फुटले.

"मैडम, प्लीज़।"

पुन्हा तेच झाले. चार-पाच वेळा झाले. तिला वाटत होते की ती गंभीर बसली आहे.

"कोई ग़म याद कीजिए," छायाचित्रकाराने सुचवले.

"आज एक भी याद नहीं आ रहा," ती म्हणाली आणि पुन्हा हसू लागली. मग माझ्याकडे वळून, "सर, होतच नाहीये. खरंच होत नाहीये. यादी बंद होईल ना?"

"माझ्याकडे पाहा," मी म्हणालो आणि कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. विद्यापीठात माझ्याकडे पाहून आजवर कोणालाही हसू आलेले नाही.

तिने पाहिले. दोन क्षण सर्व ठीक होते. मग तिने तोंडावर हात घेतला.

"काका, तुम्ही हसताय!"

मी नाही म्हणालो. समोर भिंतीवर गिऱ्हाइकांसाठी आरसा लावलेला होता. अपिलाला जागा नव्हती. छायाचित्रकारही आता कॅमेऱ्यावर डोके टेकून हसत होता, आणि दारात अफजलभाई.

म्हणून मी वळलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर नमुन्याचे फोटो चिकटवलेले होते, सर्वांचे ओठ मिटलेले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. मागे सगळे हळूहळू शांत झाले आणि कॅमेरा वाजला.